सीझन कोणता? ग्रीटिंग कोणाला?

(तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी)

नमस्कार! राम राम! जय भीम! जय सेवा! जय गुरु! जोहार! सलाम वालेकुम! दंडवत प्रणाम! गुड मॉर्निंग!

घाबरू नका, मी निवडणुकीला उभी नाही. लेखाची सुरुवात कोणत्या शब्दाने करावी ते ठरत नव्हतं, म्हणून सगळेच लिहून टाकले. ज्याला जो आपला वाटेल तो त्याने उचलावा.

मी धानोऱ्याची. गडचिरोलीहून पूर्वेला जंगलातून रस्ता निघतो आणि मुरुमगाववरून छत्तीसगडात जातो, त्या रस्त्यावरचं आमचं तालुक्याचं गाव. धानोऱ्याच्या बसस्टॉपवर अर्धा तास उभं राहिलं की वरच्या यादीतले निदान पाच-सहा शब्द कानावर पडतात. आणि शब्द ऐकला की माणूस बराचसा कळतो. ‘जय सेवा’ म्हणणारा गोंड समाजाचा. ‘जय गुरु’ म्हणणारा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचा. ‘दंडवत प्रणाम’ म्हणणारा महानुभाव पंथाचा. ‘जय भीम’बद्दल तर सांगायलाच नको. शहरातली मुलं ‘हाय’वर काम भागवतात, आमच्याकडे मात्र नमस्कार हेच आयडेंटिटी कार्ड!

आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटवालं आहे. संपादक मंडळाने ऱ्हस्व-दीर्घ तपासलेत, तरी काही राहिलं असेल तर सांभाळून घ्या. तसं आपल्या विदर्भात ‘कॉन्व्हेंट’ या शब्दाला फारसा अर्थ उरलेला नाही. संस्था गावातल्या पुढाऱ्याची, मॅडम शेजारच्या गल्लीतल्या, प्रार्थना सरस्वतीची, पण पोराच्या गळ्यात टाय आला की झालं ते कॉन्व्हेंट! मी मात्र पाचवीपासून नन असलेल्या कॉन्व्हेंटमध्ये होते, घरापासून दूर, हॉस्टेलवर. आमच्या बहुतेक सिस्टर्स केरळच्या. केरळच्या बायका एवढ्या लांब जंगलात कशा आल्या, असं मला तेव्हा वाटायचं. त्याला इतिहास आहे. १९६२ साली चांदा भागाचं काम रोमने केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे सोपवलं, १९७७ मध्ये त्याचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याचं मुख्य चर्च बल्लारपूरला आहे. तेव्हापासून केरळचे फादर आणि सिस्टर्स इकडे येतात, मराठी शिकतात, शाळा-दवाखाने चालवतात. आमच्या सिस्टर ‘ळ’ इतका सुरेख म्हणायच्या की मराठीच्या मॅडम लाजाव्यात. फक्त ‘चार’ आणि ‘चारा’ यातला ‘च’ वेगळा असतो हे काही त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

डिसेंबर आला की शाळेत गव्हाणीचा देखावा व्हायचा. त्याला लागणारी तणस शिपाईकाकांच्या शेतातून यायची, ताऱ्यासाठी बांबूच्या कमच्या मुलं तासून द्यायची. नाटकात मी दोनदा मेंढपाळ झाले आणि एकदा देवदूत. आमच्या घरी गणपती बसतो, पण बाबांनी कधी विचारलं नाही की तू देवदूत काहून झालीस. त्यांनी एवढंच विचारलं, “डायलॉग किती आहेत?”

सिस्टर्सही दिवाळीत गेटवर पणत्या लावायच्या आणि ‘दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’ असं शुद्ध मराठीत फळ्यावर लिहायच्या. त्यामुळे एकमेकांच्या सणाला शुभेच्छा देणं ही काही विचार करायची गोष्ट आहे, हे मला बरीच वर्षं माहीतच नव्हतं.

विचार करायला लावला तो आईच्या नोकरीने.

माझी आई परिचारिका आहे. धानोरा तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात ती बरीच वर्षं होती. सुट्टीत मी तिच्या ओपीडीत जाऊन बसायची. एखादी आजी यायची, म्हणायची, “जोहार बाई.” आई म्हणायची, “जोहार आजी, बसा.” मागून कोणी ‘जय भीम मॅडम’ म्हटलं की आईचं ‘जय भीम’. कोणी ‘राम राम’ केला की ‘राम राम’. एका सकाळी मी मोजलं, तिने पाच प्रकारचे नमस्कार केले. घरी आल्यावर मी विचारलं, “आई, तू नक्की कोण?”

ती भाजी निवडत होती. म्हणाली, “आपलं का जाते त्यात? समोरच्यानं जो शब्द देल्ला तोच त्याला परत द्यायचा. शेजारणीची वाटी आपण रिकामी परत देतो का?”

मित्रांनो, वाटीचा हा न्याय तुमच्याही घरी असेल. शेजारून वाटीभर भाजी आली की ती वाटी धुऊन परत करताना त्यात काहीतरी घालायचं, निदान चिमूटभर साखर. आईच्या मते नमस्काराचं तसंच. जो शब्द आला तो भरून परत जावा.

आता त्या दवाखान्यातली एक गोष्ट सांगते. आईसोबत केरळच्या एक सिस्टर काम करायच्या. नन नव्हे, नर्स. (आमच्याकडे दोघींनाही सिस्टरच म्हणतात. त्यामुळे लहानपणी मला वाटायचं, नन रिटायर झाल्या की इंजेक्शन द्यायला लागत असतील!) या सिस्टर दरवर्षी लक्ष्मीपूजनाची नाईट ड्युटी स्वतःहून मागून घ्यायच्या. भाऊबीजेची इव्हनिंगसुद्धा. “तुम्ही घरी जा, लेकरं वाट बघतील,” म्हणायच्या. असं किती दिवाळ्या चाललं ते कोणी मोजलं नव्हतं.

२०१८ चा डिसेंबर. मी आठवीत होते, नाताळच्या सुट्टीत घरी आले होते. सरकारी दवाखान्यात हिवाळा म्हणजे कुटुंब नियोजनाच्या शिबिरांचा सीझन. धान कापून झालेलं असतं, कामं थोडी हलकी होतात, थंडीत टाके लवकर सुकतात अशी बायकांची समजूत, त्यामुळे ऑपरेशनला याच दिवसांत गर्दी. परिणामी त्या महिन्यात कोणालाच रजा नव्हती. आणि सिस्टरांना चोवीस तारखेच्या रात्री मिस्साला जायचं होतं. त्या वर्षी त्यांची मुलगीही केरळहून येऊन गडचिरोलीला थांबली होती.

ऐकायला वाटतं, एका रात्रीची तर बात! पण गडचिरोली पडतं पस्तीस-चाळीस किलोमीटर. अंधार पडल्यावर त्या जंगलाच्या रस्त्याने आमच्याकडे सहसा कोणी निघत नसे. म्हणजे दुपारच्या एस.टी.ने जायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने यायचं. म्हणजेच चोवीसची इव्हनिंग, चोवीसची नाईट आणि पंचवीसची मॉर्निंग अशा तीन ड्युट्या भरायला हव्यात. आपल्या भाषेत सांगायचं तर ही सीरीज सर्किट होती. एक जोड निघाला की दिवा लागणार नाही.

आमच्या क्वार्टरमध्ये केसपेपरच्या पाठकोऱ्या बाजूवर लिस्ट तयार झाली. इव्हनिंग इन्चार्ज सिस्टरांनी घेतली, आणि तीसुद्धा सकाळचं शिबिर आटोपून. नाईट आईने घेतली. अडलं ते पंचवीसच्या सकाळवर. उरले होते फक्त ब्रदर, म्हणजे दवाखान्यातले पुरुष परिचारक. ते आंबेडकरी विचारांचे. २५ डिसेंबर १९२७ या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला मनुस्मृतीचं दहन झालं. त्यामुळे ही तारीख त्यांच्यासाठी मोठी. गावच्या विहारात अकरा वाजता कार्यक्रम, आणि भाषण यांचंच!

ब्रदर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आठ ते अकरा मी बघतो. अकराला मला निघावंच लागेल. त्याआधी सिस्टर पोचल्या पाहिजेत.”

चोवीसला दुपारी सिस्टर निघाल्या तेव्हा सगळ्यांनी ‘हॅप्पी ख्रिसमस’ म्हटलं. ब्रदर म्हणाले, “जय भीम सिस्टर, निघा लवकर, बस चुकेल.” सिस्टर म्हणाल्या, “जय भीम.” आणि गेल्या.

मला तेव्हा ते खटकलं. आईला मी म्हटलं, ब्रदरनी विश केलं नाही. आई म्हणाली, “तीन तास देल्ले ना त्याने. अजून कोणता शब्द पाहिजे तुला?”

पंचवीसला साडेदहाच्या आधी सिस्टर दवाखान्यात हजर. ब्रदर वेळेवर विहारात. दुपारी नोंदवह्यांच्या टेबलावर केक कापला गेला. आणि इथे खरी गंमत होती. ॲम्ब्युलन्सवाले भाईजान विचारणार, त्याआधीच सिस्टरांनी सांगितलं की यात रम नाही, विचारून आणलाय. तारखेचा मंगळवार होता, पण महिना मार्गशीर्ष. आमच्याकडे कितीतरी घरी मार्गशीर्षभर अंडंसुद्धा चालत नाही. त्यांच्यासाठी पिशवीतून केरळचे केळ्याचे चिप्स निघाले! सण सिस्टरांचा, आणि कोणाला काय चालत नाही याची यादीही सिस्टरांच्याच डोक्यात. संध्याकाळी ब्रदर विहारातून परतले तेव्हा त्यांच्या वाटणीचा केक झाकून ठेवलेला होता. तो त्यांनी खाल्ला आणि विहारातल्या खिरीचा डबा सिस्टरांपुढे ठेवला.

मोठी झाल्यावर मी हे सगळं पुन्हा जोडून पाहिलं. शुभेच्छा दिली तर ती त्या माणसाच्या सणाचं नाव घेऊन द्यावी. कोणाच्या तोंडी ते नाव येत नसेल, तर त्याच्यावर जबरदस्ती करू नये. आपल्या राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या आधी सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य लिहिलं आहे, ते काही उगाच नाही. आणि शेवटचं म्हणजे, शुभेच्छा तोंडी असो वा नसो, ड्युटी लिस्टमध्ये ती दिसली पाहिजे.

एका तारखेला किती अर्थ असू शकतात, ते आमच्या दोन जिल्ह्यांच्या डिसेंबरावरूनच बघा. २० डिसेंबर ही गाडगेबाबांची पुण्यतिथी (ते १९५६ साली गेले). २३ डिसेंबर १९७३ ला भामरागडच्या जंगलात हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. २५ ला नाताळ, २५ लाच महाडची आठवण, आणि २०१४ पासून सरकारी कार्यालयांत अटलजींच्या जयंतीचा सुशासन दिन. २६ डिसेंबर १९१४ हा बाबा आमटेंचा जन्मदिवस. दत्तजयंतीही बहुधा याच महिन्यात. शिवाय इकडे धान खरेदी केंद्रावर पोत्यांची रांग असते आणि तिकडे वडशाच्या नाटक कंपन्यांचा झाडीपट्टीचा सीझन जोरात असतो. आमच्याकडे ‘यंदाचा सीझन कसा?’ असं कोणी विचारलं तर तो एकतर धानाचा भाव विचारतो, नाहीतर नाटकाचे प्रयोग! आणि गोंड-माडिया भावांचे पंडुम तर सगळे ऋतूवरच चालतात. नवीन पीक, नवीन फळ आधी देवाला, मग आपल्या तोंडात. ‘सीझन्स ग्रीटिंग्ज’ हा शब्द शब्दशः खरा करून दाखवणारे लोक माझ्या मते तेच.

आता मूळ मुद्द्यावर येते. हे सगळं आठवायचं कारण गेल्या डिसेंबरातली माझी इंटर्नशिप.

नागपुरातल्या एका कंपनीत मी चार आठवडे होते. नाव सांगत नाही, चांगली माणसं आहेत, शिकायलाही भरपूर मिळालं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रिसेप्शनवर प्लॅस्टिकचं झाड उभं राहिलं, कापसाचा बर्फ पडला, सगळ्यांना लाल टोप्या वाटल्या. सीक्रेट सांता झाला. (मला कॉफीचा मग मिळाला. देणाऱ्याने स्वतःला मिळालेलाच पुढे सरकवला असावा, कारण आत दुसऱ्याच नावाची चिठ्ठी होती!) चोवीसला सगळ्यांना मेल आली : ‘सीझन्स ग्रीटिंग्ज’. पूर्ण मेलमध्ये ख्रिसमस हा शब्द नव्हता. जेवणाच्या सुट्टीत मी एच.आर.च्या मॅडमना सहज विचारलं. त्या म्हणाल्या, “कोणत्याही एका धर्माचं नाव नको, न्यूट्रल असलेलं बरं.”

पटण्यासारखं वाटलं. पण मॅडमच्या मागेच सॉफ्टबोर्ड होता. त्यावर ऑफिसच्या गणपतीच्या आरतीचा फोटो होता, खाली ‘बाप्पा मोरया’. रांगोळीचा फोटो, खाली ‘हॅप्पी दिवाली’. दसऱ्याला सर्व्हरला हार घातलेला फोटोही होता. मला ते फोटो आवडले, आमच्याही लॅबमध्ये आपण खंडेनवमीला मल्टिमीटरला कुंकू लावतोच की! पण प्रश्न पडला. वर्षभर नावं घेऊन सण साजरे झाले, मग डिसेंबर आल्यावरच न्यूट्रल व्हायची पाळी कशी आली?

त्या मजल्यावर माझ्या माहितीत एकच ख्रिस्ती व्यक्ती होती. पॅन्ट्रीतल्या दीदी, छत्तीसगडच्या जशपूरकडच्या, कंत्राटावर. पंचवीसला ऑफिस सुरू होतं, कारण क्लायंटचं काम. दीदी सगळ्यांच्या टेबलावर प्लम केकचे तुकडे ठेवत फिरत होत्या. माझ्याकडे आल्या तेव्हा मी म्हटलं, “दीदी, हॅप्पी क्रिसमस.” त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. म्हणाल्या, “आपको कैसे पता?” त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात छोटासा क्रॉस होता, तो रोजच दिसायचा. मी विचारलं, चर्चला जाणार ना? “छह बजे छूटूँगी, तब.” कुनकुरीच्या मोठ्या चर्चमध्ये नाताळला कशी गर्दी होते ते त्या दोन मिनिटं सांगत राहिल्या. तेवढ्यात कोणीतरी चहा मागितला.

आम्ही तीन इंटर्न त्यांच्या सुपरवायझरकडे गेलो. म्हटलं, दुपारनंतर चहाचं आम्ही बघतो, यांना सोडा. तो म्हणाला, सोडायला हरकत नाही, पण अर्ध्या दिवसाची हजेरी कापली जाईल, सिस्टीमच तशी आहे. दीदी म्हणाल्या, राहू दे. आणि सहा वाजता, सगळे कप धुऊन, त्या गेल्या.

बस, एवढंच झालं. कोणी कोणाशी वाईट वागलं नाही, कोणी कोणाच्या धर्माला नावं ठेवली नाहीत. झाड होतं, टोप्या होत्या, केक होता, गाणी होती. फक्त जिचा सण तिला कोणी विश केलं नव्हतं, आणि तिला दोन तास मिळाले नाहीत.

हॉस्टेलवर परत आल्यावर मी हे ‘सीझन्स ग्रीटिंग्ज’ प्रकरण शोधून वाचलं. पहिलं छापील ख्रिसमस कार्ड १८४३ साली इंग्लंडात हेन्री कोल यांनी काढून घेतलं, त्यावर ख्रिसमस आणि नवं वर्ष दोन्ही नावानिशी होतं. पुढे अमेरिकेत डिसेंबरात ज्यू लोकांचा हनुका येतो, १९६६ पासून कृष्णवर्णीयांचा क्वान्झा सुरू झाला. शेजारी कोण काय मानतो माहीत नाही, तेव्हा ‘हॅप्पी हॉलिडेज’ म्हणावं, अशी पद्धत तिथे वाढत गेली. त्यावर तिथे दर वर्षी भांडणं होतात. २०१५ मध्ये स्टारबक्सने डिसेंबरच्या कपावरची नक्षी काढून नुसता लाल कप आणला, तर त्यावरही वाद झाला! इंग्लंडात बर्मिंगहॅम शहराने १९९७ मध्ये हिवाळ्यातल्या सगळ्या कार्यक्रमांना मिळून ‘विंटरव्हल’ असं नाव दिलं, तर ‘ख्रिसमस रद्द केला’ अशी ओरड झाली. प्रत्यक्षात ख्रिसमस त्या कार्यक्रमांमध्येच होता. २०२१ मध्ये युरोपियन कमिशनच्या एका अंतर्गत मार्गदर्शिकेने सुचवलं की समोरचा ख्रिस्तीच आहे असं गृहीत धरू नका, ख्रिसमसऐवजी सुट्ट्यांचा काळ म्हणा. इतका गदारोळ झाला की ती मागे घ्यावी लागली. आणि गंमत म्हणजे ‘हॉलिडे’ हा शब्दच मुळात ‘होली डे’, म्हणजे पवित्र दिवस! देव बाहेर काढायला ज्या शब्दाचा आधार घेतला, त्या शब्दातच देव बसलेला.

पण या भांडणात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अमेरिकेत ख्रिसमस हा बहुसंख्यांचा सण. तिथे ‘हॅप्पी हॉलिडेज’ म्हणणारा बहुसंख्य माणूस आपल्या सणाचं नाव जरा मागे घेऊन दुसऱ्यासाठी जागा करतो. माझ्या इंटर्नशिपच्या ऑफिसात तोच शब्द वापरून जिथे एकच ख्रिस्ती बाई आहे, तिथे तिच्याच सणाचं नाव खोडलं गेलं. शब्द तोच, काम नेमकं उलटं. पोलॅरिटी बदलली की तीच बॅटरी सर्किट जाळते, हे आपल्याला सेकंड इयरलाच शिकवलंय ना?

काही जण म्हणतील, अगं, ख्रिसमस बाहेरचा सण, आपण इंग्रजीत विश करतो ते फॅशन म्हणून. थोडं थांबा. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला हे खरं, पण येऊन त्याला इतकी शतकं झाली की आपल्याला तो मराठीच वाटतो. फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं, ते ओवीत आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने चालले होते, तेव्हा डब्यात त्यांना एका परदेशी प्रवाशाने बायबलचा नवा करार दिला आणि तिथून मराठीतल्या एका मोठ्या कवीचं आयुष्य बदललं. राजनांदगाव म्हणजे आमच्या मुरुमगावच्या रस्त्याने छत्तीसगडात शिरलं की पुढे लागणारा मुलूख. आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो तर जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला (आताच्या धाराशिवला) अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तेव्हा ‘नाताळच्या शुभेच्छा’ असं मराठीत म्हटलं तर ते चांगलं शोभतं. प्लॅस्टिकच्या बर्फाची गरज नाही.

मग करायचं काय? याचं उत्तर मला धानोऱ्याच्या शेजारी सापडतं. आमच्या तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव तुम्ही ऐकलं असेल. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्यांचीच. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्या गावाला सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. पण मला त्या गावाची सर्वांत भारी वाटणारी गोष्ट म्हणजे तिथे मतदान करून निर्णय होत नाहीत. बहुमत नाही, सर्वसहमती. एकाचं जरी पटलं नसेल तरी पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. वेळ लागतो. पण ‘आम्ही जास्त, तू एकटा’ असं कोणाला ऐकून घ्यावं लागत नाही.

आईच्या क्वार्टरमधली ती केसपेपरवरची लिस्ट म्हणजे दुसरं काय होतं? मोजायला गेलं तर दवाखान्यात ख्रिस्ती एकच. पण त्या रात्री कोणी डोकी मोजली नाहीत, ड्युट्या मोजल्या.

आता हे आपल्या हॉस्टेलला लावून बघा. आपल्याकडे दिवाळीत मेस बंद असते, कारण सगळे घरी जातात. पण जे घरी जात नाहीत, त्यांचे सण नेमके इथेच येतात. मिझोरामच्या ज्युनियर मुली नाताळला घरी जाऊ शकत नाहीत, एवढ्या लांब दोन दिवसांत कोण जाऊन येणार? चोवीसच्या रात्री त्यांना चर्चला जायचं असतं आणि गेट साडेआठला बंद. सव्वीसला बऱ्याचदा सबमिशन. रमजानमध्ये पहाटे सहेरीला मेसमध्ये साधं गरम पाणी मिळत नाही. १४ एप्रिलच्या आदल्या रात्री बारा वाजता जयंती करायची तर परवानगीसाठी तीन सह्या. आणि आमच्या गोंड मुलांच्या पंडुमबद्दल तर कॉलेजच्या कॅलेंडरला पत्ताच नाही. यात कोणाचा दुष्टपणा नाही. ज्याने कॅलेंडर बनवलं त्याच्या घरी जे सण होते ते त्याने लिहिले, एवढंच.

म्हणून माझी एक छोटी सूचना आहे, खर्च शून्य रुपये. जूनमध्ये दोन्ही हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर बारा महिन्यांचा एक कोरा तक्ता लावावा. ज्याचा जो दिवस मोठा, तो त्याने स्वतःच्या हाताने लिहावा. सणाचं नाव, आणि शेजारी एकच गोष्ट : त्या दिवशी काय हवं. कोणाला लेट पास हवा असेल, कोणाला पहाटे गरम पाणी, कोणाला त्या दिवशी टेस्ट नको असेल. ज्यांना काहीच नको, त्यांनी नुसतं नाव लिहावं म्हणजे बाकीच्यांना विश करता येईल. आणि ज्यांना विश करायचं नाही, त्यांनी करू नये, त्यांच्या नावाने कोणी कुजबुजूही नये. मात्र ड्युटी वाटून घ्यायची वेळ आली की त्यांनीही उभं राहावं. आपले ब्रदर राहिले तसे.

रेक्टर मॅडम, वॉर्डन सर, वाचताय ना? वर्षात एका रात्री गेट उशिरा बंद झालं तर वॉचमनकाकांना जागावं लागेल, हे मला माहीत आहे. त्यांनाही त्यांचा एक दिवस तक्त्यात लिहायला सांगू. त्या दिवशी गेटवर आम्ही बसू. आळीपाळीने, दोन-दोन तास.

पहिली पाळी मी घेते. २४ डिसेंबर, रात्री दहा ते बारा. माझ्याबरोबर कोण बसतंय ते खोली नंबरसह कळवा. थर्मासमध्ये चहा मी आणीन.